बॅग उघडा

बाईंच्या घरात 'सारखं' हा शब्द जपून वापरावा लागे. तोंडातून एकदा गेला की मग सुटका नाही. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात, ऑक्टोबरात, बाहेरून आले आणि हात चोळत म्हणाले, "बर्फासारखा गार वारा सुटलाय बाहेर." बाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बर्फातलं काय काय आणलंत? पांढरेपणा? ओलेपणा? घसरडेपणा?"

"नाही हो, नुसता गारवा."

"मग वारा गार आहे म्हणा. बिचाऱ्या बर्फाला कशाला एवढं लांब बोलावलंत?" आणि त्या पुन्हा बटाट्यांकडे वळल्या.

मी मनात म्हटलं, संपलं! या बाईबरोबर चार वर्षं काढायची म्हणजे तोंडाला कुलूपच लावायला हवं.

येना हे जर्मनीतलं भिंगांचं गाव. मी तिथे २००२ साली प्रकाशशास्त्रात पीएच.डी. करायला गेले. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जागा नव्हती. संस्थेच्या फलकावर एक चिठ्ठी टाचलेली दिसली: 'खोली भाड्याने देणे आहे. वाचणाऱ्या व्यक्तीलाच.' वाचणारी म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण चिठ्ठी वाचता आली, तेवढं पुरे म्हणून मी गेले. गावाबाहेरच्या उंच, एकसुरी इमारतींतला चौथा मजला होता, लिफ्ट नव्हती. दार उघडलं ते साठीला टेकलेल्या, उंच, सडपातळ बाईंनी. त्यांच्या बोटांना तांबडी शाई लागलेली होती. त्यांनी माझा पासपोर्ट पाहिला नाही, पगार विचारला नाही. शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं ते विचारलं आणि किल्ली दिली.

त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांचं आडनाव इतकं लांबलचक होतं की माझ्या तोंडून ते कधीच एका दमात निघालं नाही. तुमच्याकडे शिक्षिकेला काय म्हणतात, असं त्यांनीच एकदा कंटाळून विचारलं. मी म्हटलं, बाई. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, "हे बरोबर. दोन अक्षरांत काम झालं." तेव्हापासून त्या बाई झाल्या. त्या मला शेवटपर्यंत अहो-जाहोच करायच्या. जर्मन माणूस एकाच न्हाणीघरात चार वर्षं दात घासून झाल्यावरही अहो-जाहो करू शकतो, हे मला तिथे कळलं.

बाई मुळात रशियन भाषेच्या शिक्षिका. वीस वर्षं त्यांनी पूर्व जर्मनीत शाळेतल्या मुलांना रशियन शिकवलं. मग भिंत पडली आणि एका रात्रीत रशियन सगळ्यांना नकोशी झाली. शाळेने सांगितलं, इंग्रजी शिका नाहीतर घरी बसा. पंचेचाळिसाव्या वर्षी बाई संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसल्या. संध्याकाळी शिकायचं आणि सकाळी तेच शिकवायचं. कित्येक महिने त्या मुलांच्या फक्त एक धडा पुढे होत्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. इंग्लंडला त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांचं इंग्रजी ऐकताना मधूनच मॉस्को रेडिओ लागल्याचा भास व्हायचा आणि मुलं मागे नक्कल करायची. बाईंना ते ठाऊक होतं.

"तुमच्याकडे इंग्रज येऊन राहिले, आमच्याकडे रशियन," त्या म्हणायच्या. "पाहुणे गेले, भाषा राहिली. तुमचे पाहुणे जास्त कामाचे निघाले, एवढंच."

दहावीच्या मुलांना शेवटच्या परीक्षेत इंग्रजीचा एक उतारा यायचा आणि त्यावर एक ठरलेला प्रश्न असायचा: यातली उपमा, रूपक किंवा चेतनगुणोक्ती शोधा आणि तिचा परिणाम सांगा. बाईंचा सगळा जीव या एका प्रश्नात होता. आणि तो शिकवायची त्यांची पद्धत साऱ्या गावात दुसऱ्या कोणाची नव्हती. आयुष्यातली पंचेचाळीस वर्षं बंद सीमेच्या अलीकडे गेल्यामुळे की काय, बाईंना भाषेत सगळीकडे सीमा आणि नाकी दिसायची. एका वस्तूचं वर्णन करायला दुसरी वस्तू बोलावली की ती सीमा ओलांडून येते, आणि येताना हातात बॅग घेऊन येते. बॅग उघडायची, झडती घ्यायची, काय आत सोडलं आणि काय जप्त केलं ते लिहायचं. 'तो सिंहासारखा होता' म्हटलं की बाई फळ्यावर बॅग काढायच्या आणि मुलं ओरडायची: धैर्य! आयाळ! उग्र वास! दिवसभर झोप! मग एकेक जप्त व्हायचं आणि धैर्य तेवढं आत जायचं.

उपमा आणि रूपक यांतला फरकही बाई याच हिशेबाने सांगत. मी परदेशी लोकांच्या कचेरीतून व्हिसा वाढवून आले की त्या माझ्या हातातला कागद वर्गाला दाखवायला मागून न्यायच्या. 'सारखा' हा शब्द म्हणजे व्हिसा, त्या सांगत; पाहुणा आहे हे दिसतं, कधीतरी परत जाणार हेही दिसतं. रूपकाला व्हिसा लागत नाही. त्याला नागरिकत्व मिळालेलं असतं, ते घरचंच होतं. सतरा जर्मन मुलांना माझ्या व्हिसाची मुदत तोंडपाठ होती.

नुसतं 'ही उपमा आहे' असं लिहून मोकळं होणाऱ्यांसाठी बाईंनी पदरचे पैसे घालून एक रबरी शिक्का बनवून घेतला होता. त्यावर 'कोफर त्सू!' एवढंच होतं, म्हणजे 'बॅग बंद!' वह्या तपासताना स्वयंपाकघरातून शिक्क्याचा धप्प असा आवाज यायचा, आणि किती धप्प झाले त्यावरून त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर हवामान कसं असणार ते मला आधीच कळायचं. 'लेखकाने उपमा वापरल्यामुळे उतारा जिवंत वाटतो' या वाक्यावर तर त्या शिक्का दोनदा मारायच्या. "जिवंत वाटतो म्हणजे? आधी काय मेला होता?"

रविवारी साडेतीनला कॉफी आणि आलुबुखाराचा केक असायचा. तिथे माझी परीक्षा व्हायची. मी एकदा फुशारकीने सांगितलं की आमच्या मराठी शाळेतही हे सगळं असतं. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती. व्याख्या, लक्षण, उदाहरण, दोन गुण. बाई खूश झाल्या. उदाहरण द्या म्हणाल्या. मी दिलं: तिचं मुख चंद्रासारखं आहे.

"बॅग उघडा."

बारा वर्षांच्या शाळेत ही बॅग उघडायला मला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनीच उघडली. "चंद्र वाटोळा. फिकट. खड्डे. स्वतःचा उजेड नाही. एकच बाजू दाखवतो. यातलं त्या मुलीला काय दिलंत?" एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांचे यजमान हयात असताना भिंगं घासायच्या कामावर होते. त्यांनी स्वतः बनवलेली दुर्बीण बाल्कनीत झाकून ठेवलेली असायची. डिसेंबरात पाचलाच अंधार पडतो. पुढच्या रविवारी बाईंनी मला कोट घालून दुर्बिणीपुढे बसवलं आणि चंद्राचे खड्डे दाखवले. "आता सांगा, कुठल्या मुलीला लग्नाआधी हे ऐकवता तुम्ही?" मी इतकी हसले की दुर्बीण हलली आणि चंद्र निसटला.

एकदाच मी त्यांना हरवलं, आणि तेही माझ्या आईच्या जिवावर. आई साताऱ्याहून फोन करायची. मी फोन ठेवला की बाई विचारायच्या, आई काय म्हणाली? त्या दिवशी आई म्हणाली होती, "तू गेल्यापासून घर नुसतं खायला उठतं गं." मी ते जसंच्या तसं सांगितलं: घर उठतं, आणि खायला येतं. बाईंनी कप खाली ठेवला.

"घर. खायला. उठतं," त्यांनी तीन बोटं मोजली. "चेतनगुणोक्ती. बॅगेत काय? भूक. दात. उठून जवळ येणं." मी म्हटलं, "काय काय जप्त?" बाईंनी मोजलेली तिन्ही बोटं मिटली. "काही नाही. सगळं आत सोडा. यांना जाऊन नऊ वर्षं झाली, मला हे वाक्य कोणी आधी दिलं असतं तर बरं झालं असतं." मग त्यांनी ते मराठीत म्हणायला शिकून घेतलं. 'ठ' त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. "खायला उट्तं" म्हणायच्या.

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या एरवी याविषयी बोलत नसत, पण दहावीविषयी बोलताना बोलून जायच्या. "मला दर ऑगस्टमध्ये सतरा-अठरा मुलं होतात आणि जूनमध्ये ती जातात. जाऊ देत. ऑगस्ट येतोच." खालच्या वर्गांना त्या नाकारत नव्हत्या, पण दहा वर्षांच्या मुलाशी रंग, फळं आणि प्राणी यांपलीकडे काय बोलणार? दहावीतलं पोर वाद घालतं, उलट उत्तर देतं, बॅगेत हात घालून नको ते बाहेर काढतं. बाईंना तेच हवं होतं. म्हणून २००४ च्या वसंतात मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं तेव्हा त्या घरी आल्या त्या कोटही न काढता खुर्चीत बसल्या.

शाळेत एक तरुण शिक्षक आले होते. ते अमेरिकेत वर्षभर राहून आलेले, इंग्रजी झकास. त्यांची मुलं तीन ठरलेली वाक्यं पाठ करून जायची आणि भरभरून गुण आणायची. बाईंची मुलं विचार करत बसायची आणि वेळ संपायची. पालक बोलायला लागले होते. मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं: यंदा तुमच्या वर्गातली मुलं इंग्रजीत नापास झाली तर पुढच्या वर्षीपासून दहावी त्या तरुण शिक्षकांकडे, आणि तुम्ही निवृत्तीपर्यंत पाचवी घ्या.

"रेड, ब्लू, ग्रीन," बाई मला म्हणाल्या. "चार वर्षं. घर खायला उट्तं."

मी म्हटलं, "बाई, मग यंदा तेवढी तीन वाक्यं द्या ना पाठ करायला."

"अलंकाराचं नाव म्हणजे बॅगेला लावलेली चिठ्ठी. चिठ्ठी वाचायला पोस्टमन पुरतो. मी पोस्टमन तयार करत नाही."

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मी त्यांना मागे सांगून बसले होते. त्यांनी ती जर्मनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून वर्गात लावली होती. आता मला तिचा पश्चात्ताप व्हायला लागला.

परीक्षा झाली आणि एका शनिवारी दुपारी बाई स्वयंपाकघरात पेपर तपासायला बसल्या. पहिली तपासणी वर्गाच्या शिक्षकाने करायची, दुसरी तरुण शिक्षकांनी. मी माझ्या खोलीत लिहीत होते आणि कान शिक्क्याकडे होता. तासभर झाला, एकही धप्प नाही. मी बाहेर आले तर बाई तांबड्या पेन्सिलीने पानापानांवर बरोबरच्या खुणा करत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या.

"सतरापैकी चौदा!" त्या म्हणाल्या. "चौदा जणांनी बॅग उघडली!"

उतारा एका बंद पडलेल्या कारखान्याविषयी होता. त्यात एक वाक्य होतं, कारखाना तोंड उघडं टाकून झोपी गेला होता. बाईंनी मला एक पेपर वाचायला दिला. तो शेवटच्या बाकावरच्या मुलीचा होता. तिला मी जिन्यात एकदोनदा पाहिलं होतं. एका कानात सात बाळ्या, म्हणून मी तिला सातबाळी म्हणायचे. एका चष्म्याच्या दुकानाने तिला कामावर शिकायला घ्यायचं कबूल केलं होतं, पण दहावीचा दाखला मिळाला तर. तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं:

'जो तोंड उघडं टाकून झोपतो तो जागा होतो. हा कारखाना जागा होणार नाही. लेखकाला ते माहीत आहे. पण गावातले लोक ऐकत आहेत, म्हणून तो झोपला म्हणतो. आजोबा गेले तेव्हा आजीपण आम्हाला असंच म्हणाली. या बॅगेत जागं होणं आहे आणि ते सीमेवर काढून घेतलेलं आहे.'

मी ते पुन्हा एकदा वाचलं. बाईंच्या यजमानांचं काम भिंत पडल्यावर गेलं होतं. त्यानंतर ते फार दिवस काढू शकले नाहीत. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मग वरून आलेली नमुना उत्तरं उघडली. त्यांची तशी शिस्तच होती. आधी मुलांचं वाचायचं, मग नमुना बघायचा.

प्रश्नाला आठ गुण होते. वाक्य शोधण्याला दोन, अलंकाराचं नाव लिहिण्याला चार, परिणामाला दोन. परिणामात लिहिलं होतं: कारखाना जिवंत वाटतो.

बाईंनी पेपर पुन्हा चाळायला घेतले. आधी सावकाश, मग भराभरा. मला काही समजेना. त्यांनी सातबाळीचा पेपर माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "नाव कुठे आहे?"

नाव नव्हतं. तिने बॅग उघडली होती, झडती घेतली होती, जप्तीचा कागद केला होता. पण ही चेतनगुणोक्ती आहे एवढं लिहिलं नव्हतं. आणि तिनेच नाही, सतरापैकी अकरा जणांनी लिहिलं नव्हतं. वर्षभर बाईंनी त्यांना सांगितलं होतं की नुसत्या नावाला काही किंमत नाही. मुलं गुणी. त्यांनी बाईंचं ऐकलं होतं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी इकडेतिकडे बघितलं. घरात आम्ही दोघीच होतो. पेन टेबलावर होतं. माझ्यातली साताऱ्याची हुशारी जागी झाली. "बाई, एकच शब्द आहे. निळ्या शाईने अकरा ठिकाणी... कोणाला कळणार आहे?"

बाईंनी शिक्का उचलला, शाईच्या डबीवर नीट दाबला आणि माझ्या मनगटावर मारला. धप्प. तो दोन दिवस निघाला नाही, आणि मी संस्थेत बाह्या खाली ओढून हिंडले.

नमुन्याप्रमाणे गुण दिल्यावर पाच जण नापासात गेले. त्यात सातबाळी होती. सोमवारी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी मला चार वाक्यांत सांगितलं. चूक मुलांची नाही, माझी आहे, असं त्या म्हणाल्या. दहावी माझ्याकडून काढून घ्या, मी वाद घालणार नाही, असंही म्हणाल्या. पाचही मुलांना गुण सुधारण्यासाठी तोंडी परीक्षा देता येते, ती द्यावी. आणि तोवरचे दोन आठवडे मुलांना माझ्या घरी येऊ द्यावं.

तोंडी घेणार होते तरुण शिक्षक. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना आपणहून सांगितलं: "आधी नाव विचारीन, मग उदाहरण, मग परिणाम. याच क्रमाने विचारीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाच जण स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसले. बाई उभ्या राहिल्या. "आल्झो," त्या म्हणाल्या, "तर मग, लेखकाने उपमा वापरल्यामुळे उतारा..." आणि पुढे शब्दच येईना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या. मुलं खाली बघत होती. हसलं कोणी नाही. आयुष्यभर ज्या वाक्यावर दोनदोन शिक्के मारले ते वाक्य आता स्वतःच्या तोंडाने शिकवायचं, ते त्यांना जमत नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

मग मी उठले. म्हटलं, बाई, तुम्ही कॉफी करा. घोकंपट्टी हा आमचा प्रांत आहे.

आम्ही एकोणतिसाचा पाढा म्हटलेली माणसं! मी डाव हातात घेतला आणि पातेल्याच्या झाकणावर ताल धरला. मी म्हणायचं, पाचांनी मागून म्हणायचं. "सिमिली! लाइक ऑर अ‍ॅज! मेक्स द टेक्स्ट व्हिव्हिड!" आधी ती लाजली. जर्मन मुलांना एका सुरात काही म्हणायची सवय नसते. चौथ्या फेरीला लाज गेली. दहाव्या फेरीला खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी छताला काठी ठोकली, तोही तालात. "मेटाफर! नो लाइक, नो अ‍ॅज! मेक्स द टेक्स्ट व्हिव्हिड!" बाई आमच्याकडे पाठ करून कॉफी गाळत उभ्या होत्या, आणि ती कॉफी गाळणं काही केल्या संपत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सातबाळीला 'पर्सॉनिफिकेशन' म्हणता येईना. जीभ दर वेळी मधेच अडायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा पाठीमागून बाईंचा आवाज आला, तोच मॉस्को रेडिओचा. "पेर-सो-नि-फि-के-शन," त्या एकेक तुकडा पाडून म्हणाल्या. "मेक्स द टेक्स्ट व्हिव्हिड." त्या वळल्या, माझ्या हातातला डाव घेतला आणि ताल धरला. त्यानंतर दोन आठवडे रोज त्यांनीच म्हणून घेतलं. आवाज खणखणीत होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत असे.

पाचही पास झाले. बाई शाळेच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या आणि मी त्यांच्याबरोबर होते. सातबाळी बाहेर आली, बाईंशी हात मिळवला आणि जरा घुश्शातच म्हणाली, "मी नुसतं नाव सांगितलं. आत काय आहे ते त्यांनी विचारलंच नाही."

"मी विचारते," बाई म्हणाल्या. "रविवारी साडेतीनला ये. केक असतो."

ती आली. पुढच्या रविवारीही आली. चष्म्याच्या दुकानात लागली, कानातल्या बाळ्या सातावरून तिनावर आल्या, तरी येत राहिली. मी मात्र तिला शेवटपर्यंत सातबाळीच म्हणत राहिले आणि तिला ते का, हे कधी सांगितलं नाही.

बाई पाचवीला रंग शिकवायला लागल्या. एका मुलाने 'बर्फासारखा पांढरा' यावर हात वर करून सांगितलं की ट्रामच्या थांब्यावरचा बर्फ काळा असतो. बाई ते आठवडाभर सांगत होत्या. पण ऑगस्टमध्ये त्या पूर्वी नवी वही आणायच्या, मुलांची नावं लिहायच्या, ते बंद झालं. शिक्का खणात गेला. संध्याकाळी मी जिना चढून आले की त्या दार उघडायला जरा जास्तच लवकर यायच्या.

२००६ च्या वसंतात माझा प्रबंध झाला आणि मी पुण्याला परत निघाले. येनाच्या त्या स्टेशनला स्वर्ग म्हणतात, खरंच तसं नाव आहे, 'पाराडीस'. गाडीला सात मिनिटं होती. बाईंनी माझ्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. मी चाचपून ओळखलं, शिक्का होता. "तुमच्या विद्यार्थ्यांसाठी," त्या म्हणाल्या. आणि मग माझा सगळा संयम सुटला, रडताना तोंडातून नको ते गेलंच.

"बाई, तुम्ही मला आईसारख्या आहात."

बाईंनी मान ताठ केली. "बॅग उघडा."

"बाई, गाडी येतेय."

"सहा मिनिटं आहेत."

मी नाक पुसलं आणि उघडली. "जेवलात का विचारणं. मफलर घेऊन मागे धावणं. माझ्या प्रबंधातलं एक अक्षर कळत नसताना तो रात्री उशाशी घेऊन बसणं. चुकलं की मनगटावर शिक्का."

"हे आत आलं. जप्त काय झालं?"

ते मी बोलायला नको होतं. पण बाईंसमोर अर्धी झडती चालत नसे. "माझ्या आईला काही झालं," मी म्हटलं, "तर पहिला फोन मला येईल. तुम्हाला काही झालं तर मला कोण सांगणार आहे?"

बाईंनी पर्स उघडली. मग म्हणाल्या, "गेनाऊ. ही उणीव आहे." त्यांनी आतून छोटी वही काढली, पेन्सिल काढली आणि तिथेच फलाटावर उभ्या उभ्या काहीतरी लिहून ठेवलं. मुलांच्या चुका टिपायच्या तसंच. गाडी आली. खिडकीतून मला दिसल्या तेव्हा त्या वही पर्समध्ये ठेवत होत्या आणि हात हलवायचं विसरल्या होत्या.

मी पुण्यात कॉलेजात शिकवायला लागले. महिन्यातून एखादा फोन व्हायचा. बाई निवृत्त झाल्या. आई साताऱ्याहून विचारायची, "तुझी ती म्हातारी बरी आहे ना गं? जेवतेखाते ना?" मी म्हणायची, बरी आहे.

तीन वर्षांनी, एका रविवारी संध्याकाळी सातला फोन वाजला. तिकडे साडेतीन वाजले असणार. सातबाळीचा आवाज होता. तिने आढेवेढे घेतले नाहीत. बाईंच्या हाताखाली शिकलेली मुलगी ती. "बाई सकाळी गेल्या," ती म्हणाली. झोपल्या वगैरे म्हणाली नाही. मी केक करायला आज लवकर, बाराला आले, किल्ली माझ्याकडे असते, दार उघडलं तर खुर्चीत होत्या, असं तिने सांगितलं. डॉक्टर येऊन गेले होते.

मी विचारलं, माझा नंबर तुला कुठे मिळाला?

"फ्रिजवर कागद लावलेला आहे. कितीतरी दिवसांपासून आहे, मी कधी नीट वाचला नव्हता. माझ्यानंतर कळवायचे लोक, असं वर लिहिलंय. तीन रकाने. नाव, फोन, नातं. चार नावं आहेत. पहिलं तुमचं. अजून मी बाकी कोणालाच फोन केलेला नाही."

"नात्याच्या रकान्यात काय लिहिलंय?"

"मुलगी."

मी रिसीव्हर घट्ट धरला. "मुलगी? की मुलीसारखी?"

"मुलगी," सातबाळी म्हणाली. "मीपण पहिल्यांदा तेच बघितलं. 'सारखी' नाहीये."